दुपारपर्यंत टिकणारी ओट्सची लापशी – प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

सकाळी घाईत काहीतरी तोंडात टाकून निघालं की अकराच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागतात, मग हाताला लागेल ते खाल्लं जातं. त्यावर ओट्सची लापशी हा उपाय बरेच जण सांगतात आणि बरेच जण आठवड्याभरात सोडूनही देतात, कारण एकतर ती चिकट होते नाहीतर बेचव लागते. मला ती मनापासून आवडते म्हणून ठरवलं की नीट बसवायचीच. अटी तीन. रोजच्या सकाळी गॅसजवळ दहा मिनिटांहून जास्त उभं राहायला लागू नये, खाताना मजा यावी, आणि जेवणापर्यंत दुसरं काही खायची आठवण होऊ नये.

सामान: स्टील कट ओट्स, साधे रोल्ड ओट्स, क्विक ओट्स. जाड बुडाचं पातेलं, लाकडी चमचा, वजनकाटा. वजनकाटा का ते पुढे येईल.

तिन्ही पाकिटांत धान्य एकच असतं. स्टील कट म्हणजे सोललेला दाणा पात्याने दोन-तीन तुकडे केलेला, रोल्ड म्हणजे तोच दाणा वाफवून रोलरखाली चपटा केलेला, आणि क्विक म्हणजे दाण्याचे तुकडे करून आणखी पातळ दाबलेले. क्वेकर कंपनीने क्विक ओट्स १९२२ मध्ये बाजारात आणले, म्हणजे सकाळची घाई काही आजची नाही.

४ नोव्हेंबर

पहिली बॅच पूर्ण दुधात. रोल्ड ओट्स ४० ग्रॅम, दूध २४० मिली, मध्यम आच. पाचव्या मिनिटाला तळाला लागलं. वरचं वरचं काढून घेतलं तरी करपल्याचा वास सगळ्यात उतरला होता, शेवटी टाकून द्यावं लागलं. पातेलं भिजत घालून घासण्यात अर्धा तास गेला तो वेगळाच.

दुधातली प्रथिनं तळाला बसतात आणि साखरेसकट तिथेच करपतात, त्यात ओट्स खाली जाऊन बसले की दूध हलतही नाही, मग करपायला वेळ लागत नाही. म्हणून दुसऱ्या बॅचला १८० मिली पाण्यात शिजवलं आणि गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी ६० मिली दूध घातलं. तळ स्वच्छ, आणि दुधाची चवसुद्धा जास्त ताजी लागते. पूर्ण दुधातलीच हवी असेल तर आच अगदी मंद ठेवून सारखं ढवळायला लागेल, रोज सकाळी ते होणार नाही. हा प्रश्न इथे संपला.

६ नोव्हेंबर

आज चिकटपणाचा मागोवा. कालची बॅच चमच्याने उचलली की तार सुटत होती, खाताना टाळ्याला चिकटत होती. बहुतेकांना लापशी आवडत नाही ती याच कारणामुळे असं मला वाटतं, म्हणून यावर वेळ घालवला.

एकच वजन, एकच पाणी, फक्त पद्धत बदलून बॅचेस केल्या. मोठ्या आचेवर खळखळ उकळत सतत ढवळलेली सगळ्यात वाईट झाली. ढवळल्याने पाकळ्या तुटतात, आतला स्टार्च पाण्यात उतरतो, सोबत ओट्समधला बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू, तो तर पाण्यात जेलच करतो. थोडा सुटला की लापशी मऊसूत मिळून येते आणि जास्त सुटला की डिंक.

जी बरोबर आली ती अशी: पाणी आणि ओट्स एकत्र, मध्यम आचेवर पहिली उकळी येईपर्यंत दोनदा ढवळायचं, उकळी आली की आच बारीक, मग मधूनमधून तळ खरवडल्यासारखा एखादा फेरा, पाच-सहा मिनिटं. नंतर गॅस बंद करून झाकण ठेवून तीन मिनिटं मुरू द्यायचं. हे मुरणं टाळू नका. गॅस बंद करताना लापशी हवी त्यापेक्षा सरसरीतच दिसली पाहिजे, मुरताना ती आपोआप दाटते, पातेल्यातच दाट झाली तर वाटीत येईपर्यंत गोळा होणार.

थंड पाण्यात ओट्स घालून सुरुवात केली की जास्त मुलायम होते, उकळत्या पाण्यात घातले की पाकळ्या वेगळ्या राहतात आणि चावायला लागतं. मला दुसरं आवडतं, घरात बाकीच्यांना पहिलं. दोन्ही बरोबर.

७ नोव्हेंबर

वजनकाट्याबद्दल. पाकिटावर लिहितात रोल्डला एक वाटीला दोन वाट्या पाणी, स्टील कटला एक वाटीला चार. मला वाटायचं स्टील कट दुप्पट पाणी पितात. काट्यावर ठेवल्यावर कळलं की तीच वाटी स्टील कटने भरली तर रोल्डच्या जवळजवळ दुप्पट वजन भरतं, कारण पाकळ्यांमध्ये हवा असते. म्हणजे वजनाने बघितलं तर दोघांना पाणी साधारण सारखंच, ओट्सच्या सहापट. ४० ग्रॅमला २४० मिली. स्टील कट जास्त वेळ उकळतात म्हणून वाफेत जाणारं पाणी धरून त्यांना २८० घ्यायचं. हे एकदा डोक्यात बसलं की पाकीट कुठलंही असो, वाटी कुठलीही असो, अंदाज चुकत नाही.

१० नोव्हेंबर

मीठ. गोड लापशीत मीठ कशाला असं वाटून बरेच जण घालत नाहीत आणि मग चव येत नाही म्हणून मधावर मध ओततात. आज बिनमिठाची आणि मिठाची शेजारी शेजारी ठेवून खाल्ली. ४० ग्रॅमला पाव चमच्याहून थोडं कमी मीठ, बाकी काही नाही. मिठाच्या वाटीत ओट्सची स्वतःची चव लागते, धान्याची, किंचित दाण्यासारखी. बिनमिठाची पचपचीत.

सुरुवातीला घातलं की दाणा कडक राहतो असं ऐकलं होतं, तसं काही दिसलं नाही. शिजताना घातलेलं मीठ आतपर्यंत जातं, वरून भुरभुरवलेलं घासागणिक कमीजास्त लागतं, म्हणून मी उकळी आल्यावर घालते.

स्कॉटलंडमध्ये कारब्रिज नावाच्या गावात १९९४ पासून लापशी करण्याची जागतिक स्पर्धा भरते. तिच्या पारंपरिक गटात फक्त ओट्स, पाणी आणि मीठ एवढंच चालतं, जिंकणाऱ्याला ‘गोल्डन स्पर्टल’ मिळतो. स्पर्टल म्हणजे लापशी ढवळायची गुळगुळीत लाकडी दांडी. तीन गोष्टींवर जगभरातून लोक येऊन स्पर्धा करतात म्हणजे खरं कौशल्य शिजवण्यात आहे, वरच्या सजावटीत नाही, हे मला फार पटलं. दांडीचं कारणही ढवळून बघितल्यावर समजलं: चपटा चमचा पाकळ्या दाबत जातो, गोल दांडी त्यांच्यामधून सरकते, गुठळी मोडते पण पाकळी मोडत नाही. माझ्याकडे दांडी नाही, लाकडी चमचा उलटा धरून त्याच्या दांड्याने ढवळते आणि काम होतं.

१३ नोव्हेंबर

कोरडे ओट्स भाजून बघितले. जाड पातेल्यात, मंद आचेवर, तीन-चार मिनिटं हलवत राहायचं. आधी काही होत नाही, मग एकदम खमंग वास सुटतो, तोच क्षण पाणी घालायचा. मागच्या बॅचला मी त्या वासानंतरही मिनिटभर थांबले होते आणि पाकळ्यांच्या कडा तपकिरी झाल्या, लापशी कडसर लागली. रंग बदलायची वाट बघू नका, नाकावर विश्वास ठेवा. भाजलेले ओट्स चिकटही कमी होतात. आता रविवारी अर्धा किलो एकदम भाजून, पूर्ण गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवते. गरम असताना डबा बंद केला तर आत पाणी सुटतं.

ओट्समध्ये बाकी धान्यांच्या मानाने स्निग्धांश जास्त असतो. कारखान्यात दाणा वाफवून भट्टीत वाळवतात तो त्यासाठीच, नाहीतर आतल्या एन्झाइममुळे तो लवकर खवट आणि कडू व्हायचा. तरी भाजलेले ओट्स दोन आठवड्यांच्या आत संपवलेले बरे.

१७ नोव्हेंबर

स्टील कट. चवीला हेच सगळ्यात सुंदर, प्रत्येक तुकडा दाताखाली येतो आणि मधली लापशी मात्र मऊ. पण साधे शिजवले तर २५ ते ३० मिनिटं, पहिली अट मोडली.

रात्री दुप्पट पाण्यात भिजत घालून फ्रीजमध्ये ठेवले, सकाळी उरलेलं पाणी घालून शिजवले. पंधरा मिनिटांच्या आत झाले. चांगलं आहे पण अजून जास्तच.

मग आठवड्याची बॅच. २०० ग्रॅम एकदम शिजवले, पसरट डब्यात ओतून गार केले, फ्रीजमध्ये. खोल भांड्यात ठेवलं तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो आणि शिजलेलं पिष्टमय अन्न तसं ठेवणं चांगलं नाही, म्हणून पसरट. तीन-चार दिवस व्यवस्थित टिकतं. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर लापशी वडीसारखी घट्ट, सुरीने कापावी लागली, आणि तशीच गरम केली तर बाहेरून कढत आणि आतून गार गोळा. उपाय: पातेल्यात आधी ६०-७० मिली पाणी किंवा दूध उकळायचं, त्यात तो तुकडा टाकून दांडीने हलके फोडायचा, झाकण, मंद आच, चार मिनिटं. पुन्हा मिळून येते. हे जमल्यावर दहा मिनिटांची अट पाच मिनिटांत सुटली. जास्तीचं मफिनच्या साच्यात गोठवून ठेवलंय, तेही चालतं.

२० नोव्हेंबर

मायक्रोवेव्ह. फुल पॉवरवर दीड मिनिटात सगळं उतू गेलं, काचेची फिरती प्लेट, तिच्याखालची चाकं, सगळीकडे. स्टार्चमुळे बुडबुडे जाड होतात, लवकर फुटत नाहीत, एकावर एक चढत जातात. मोठा बाऊल घ्या, लापशी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका, निम्म्या पॉवरवर साडेतीन-चार मिनिटं आणि मध्ये एकदा ढवळणं. होते, पण पातेल्यासारखी नाही. ज्यांच्याकडे गॅस नाही त्यांच्यासाठी एवढीच नोंद.

२४ नोव्हेंबर

आता तिसरी अट, भूक.

एक आठवडा रोज काय खाल्लं आणि पुन्हा भूक कधी लागली ते लिहिलं. क्विक ओट्स पाण्यात, वर मध: साडेदहालाच भूक. रोल्ड, तेवढेच ग्रॅम: साधारण तासभर पुढे. स्टील कट: त्याहून थोडं पुढे. हे अपेक्षितच होतं, ग्लायसेमिक इंडेक्समध्ये (खाल्ल्यावर रक्तातली साखर किती लवकर वाढते त्याचा आकडा) रोल्ड आणि स्टील कट ५५ च्या आसपास असतात आणि इन्स्टंट ओट्स ७० च्या वर जातात, जितका दाणा बारीक आणि आधीच शिजवलेला तितकी साखर रक्तात लवकर.

पण खरा फरक पडला तो प्रथिनांनी. ४० ग्रॅम ओट्समध्ये प्रथिनं ५ ग्रॅमच्या जवळपास आणि तंतू ४ ग्रॅम. नुसतं एवढं खाऊन मोठ्या माणसाचं दुपारपर्यंत भागत नाही, भागेल असं सांगणारे बहुतेक वर आणखी काहीतरी खात असणार. मी ओट्स ५० ग्रॅम केले, वर दोन चमचे पीनट बटर, दूध १५० मिली. प्रथिनं वीसच्या घरात गेली. त्या दिवशी एक वाजता कोणीतरी जेवायला हाक मारली तेव्हा आठवलं की मधे काही खाल्लंच नाही. दुसऱ्या दिवशी पीनट बटरऐवजी बाजूला उकडलेलं अंडं, तोच निकाल.

कोलेस्टेरॉलसाठी खाणाऱ्यांना एक आकडा उपयोगी पडेल. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १९९७ मध्ये ओट्सच्या पाकिटांवर हृदयविकाराबाबतचा दावा छापायला परवानगी दिली ती दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनच्या हिशोबाने. ४० ग्रॅम ओट्समधून दीड ग्रॅमच्या आसपास मिळतो, म्हणजे एका छोट्या वाटीत तो कोटा पूर्ण होत नाही.

२८ नोव्हेंबर

फळं आणि बाकी मंडळी. कुठलं काय घालायचं यापेक्षा कधी घालायचं हे महत्त्वाचं निघालं.

केळं: अर्धं शिजताना कुस्करून, अर्धं वरून चकत्या. शिजलेल्या केळ्याने एवढा गोडवा येतो की मध लागत नाही. हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, सोबत दालचिनी, ती मात्र पाण्यातच आधी घालायची, वरून टाकली तर कोरडी भुकटी घशात जाते.

मनुका, खजूर: सुरुवातीलाच. फुगतात आणि त्यांचा रस उतरतो.

अक्रोड, बदाम: अगदी शेवटी, वाटीत. पातेल्यात घातलेले अक्रोड मऊ पडले आणि लापशी करडी दिसायला लागली.

फ्रोझन बेरी: थेट घातल्या तर वाटी गार पडते. वेगळ्या छोट्या पातेल्यात दोन मिनिटं गरम करून त्यांचा रस वर ओतायचा. पांढऱ्या लापशीवर तो जांभळा रस हळूहळू कडेकडेने पसरतो, ढवळायचं नाही, चमचा खाली घालून एका घासात दोन्ही घ्यायचं, एक घास आंबट-गोड आणि पुढचा खारट-दुधाळ.

२ डिसेंबर

रात्री भिजवून सकाळी न शिजवता खायचे ओट्स. ४० ग्रॅम रोल्ड, १०० मिली दूध, ६० ग्रॅम दही, फ्रीजमध्ये. क्विक ओट्स यासाठी घेऊ नका, सकाळी पेस्ट होते. स्टील कटही नको, कडक राहतात.

एका बरणीत रात्रीच किवी घातली होती, सकाळी कडू. कच्च्या किवी आणि अननसातली एन्झाइम दूध-दह्यातली प्रथिनं तोडतात आणि त्यातून कडवटपणा येतो. सकाळी खाताना चिरून घातली तर काही होत नाही. पूर्ण बरणी वाया गेली पण कारण सापडल्याचं समाधान आहे.

या प्रकाराचं मूळ स्वित्झर्लंडमधल्या डॉ. मॅक्सिमिलियन बिर्शर-बेनर यांच्याकडे जातं, १९०० च्या सुमाराला ते आपल्या रुग्णांना हे द्यायचे. त्यांचं मूळ प्रमाण करून बघितलं: ओट्स फक्त एक मोठा चमचा, तीन चमचे पाण्यात रात्रभर भिजवलेले, त्यात लिंबाचा रस, एक चमचा कंडेन्स्ड मिल्क, किसलेलं मोठं सफरचंद सालासकट, वर कुटलेला सुकामेवा. म्हणजे ही मुळात सफरचंदाची डिश, ओट्स नावापुरते. सफरचंद ऐनवेळी किसून लगेच लिंबाच्या रसात मिसळलं की काळं पडत नाही. फार ताजंतवानं लागतं, पण माझ्या भुकेला ते पुरलं नाही. रविवारी उशिराच्या नाश्त्याला ठेवलंय.

७ डिसेंबर

तिखट-मिठाची लापशी. गोड खाऊन कंटाळा येणाऱ्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल.

पहिल्या बॅचला मशरूम ओट्सबरोबरच शिजवले, सगळं करडं आणि पाणचट. मशरूमला स्वतःचं पाणी भरपूर सुटतं. दुसऱ्या वेळी आधी वेगळ्या पॅनमध्ये मोठ्या आचेवर, पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत परतले, मग वर घातले. ओट्स पाण्याऐवजी भाज्यांच्या स्टॉकमध्ये. स्टॉक खारट असतो म्हणून वेगळं मीठ नको.

अंडं आत फेटून घालायचं तर उकळत्या पातेल्यात घालू नका, लगेच गोठून धागे धागे होतात. गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं, फेटलेल्या अंड्यात आधी दोन चमचे गरम लापशी मिसळायची, मग ते मिश्रण पातेल्यात ओतून भराभर ढवळायचं आणि अगदी मंद आचेवर दोन मिनिटं. लापशी पिवळसर, मखमली होते, वर चीज आणि भरपूर मिरपूड. थंडीच्या सकाळी याच्यापुढे मला दुसरं काही नको.

१२ डिसेंबर

पाहुणे आले म्हणून सहा जणांची एकदम केली. सगळं सहापट घेतलं तर लापशी पातळ झाली आणि आटवत बसावं लागलं, पाहुणे ताटकळले. मोठ्या पातेल्यात वाफेने जाणारं पाणी सहापट होत नाही. आता चार जणांच्या वर पाणी ओट्सच्या सहापटीऐवजी पाचपट घेते, आणि कढत पाण्याची किटली बाजूला ठेवते, घट्ट वाटली तर सैल करायला. पहिली उकळीही उशिरा येते, दहा-बारा मिनिटं धरा.

त्यांच्यातल्या एकांना सीलिअ‍ॅकचा त्रास होता, म्हणजे ग्लूटेन हे गहू-बार्लीतलं प्रथिन न सोसण्याचा आजार. ओट्समध्ये गहू-बार्लीसारखं ग्लूटेन नसलं तरी शेतात, गाडीत, गिरणीत त्यात गहू मिसळलेला असतो, त्यामुळे साधं पाकीट अशा माणसाला देऊ नये, ग्लूटेन-फ्री लिहिलेलंच घ्यावं. आणि काही जणांना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच. आम्ही त्यांच्यासाठी वेगळ्या स्वच्छ पातेल्यात अंडी केली.

१५ डिसेंबर

सध्या चालू असलेलं वेळापत्रक, ज्यांना थेट उचलायचंय त्यांच्यासाठी. रविवारी रात्री स्टील कटची बॅच, सोमवार ते बुधवार तीच, दूध घालून सैल करून, केळं आणि पीनट बटर. गुरुवारी-शुक्रवारी भाजलेले रोल्ड, ५० ग्रॅमला ३०० मिली, त्यातलं शेवटचं ८० दूध, एकदा बेरी आणि बाजूला अंडं, एकदा मशरूम आणि अंडं. शनिवारी बरणी. लापशी संपल्या संपल्या पातेल्यात गार पाणी भरून ठेवायचं, गरम पाण्याने स्टार्च आणखी चिकटतो.

पुढे बार्लीवर काम करायचंय. पहिली बॅच आत्ता गॅसवर आहे, चाळीस मिनिटं झाली, दाणा अजून मधे कच्चा लागतोय.